रीमॅपनंतर क्लच निवडताना

माझ्या टर्बो गाडीचा रीमॅप (इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केल्यावर वरच्या गिअरमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, भरला की आरपीएम चढायचे, वेग मात्र तिथेच. क्लच घसरत होता. क्लच हॉर्सपॉवर बघून घ्यायचा नसतो. घसरण होते ती टॉर्कमुळे, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोरामुळे, आणि टर्बोत तो कमी आरपीएमलाच उसळतो. म्हणून मोजलेल्या टॉर्कपेक्षा साधारण 25 टक्के जास्त क्षमतेचा घेतला. सिरॅमिक पकवाली (घर्षणाचे सुटे तुकडे लावलेली) क्लच डिस्क पकडते जबरदस्त, पण ट्रॅफिकमध्ये गाडी बेडकासारखी उड्या मारते. रोजच्या वापराला नकोच ती! त्याऐवजी घेतली ऑर्गॅनिक फुल-फेस डिस्क (पूर्ण गोलावर अस्तर असलेली), मधे धक्के शोषणारी डॅम्पर स्प्रिंग, सोबत डिस्क दाबून धरणारी, जास्त दाबाची प्रेशर प्लेट. पेडल थोडं जड झालं, चालतं. गिअरबॉक्स उतरलेलाच होता, तेव्हा पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही बदललं, डिस्क जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची चकती, म्हणजे फ्लायव्हील, सपाट करून घेतलं. नवी डिस्क नीट बसावी म्हणून पहिले 800 किलोमीटर फुल बूस्ट दिला नाही. घसरणं थांबलं.