बिल नंबर 31 ते 44

न्यासाच्या कला-अनुदान विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा नाटकांची प्रकाशयोजना सोडून मला तीन वर्षं झाली होती. विश्वस्तांना वाटलं, कलाकारांतलीच बाई आहे, हिला कलाकारांचं कळेल. मलाही तसंच वाटलं. आता या कामात नव्याने येणारे फोन करतात आणि विचारतात, चांगला प्रकल्प ओळखायचा कसा? ते जमतं हो. शंभरेक अर्ज वाचले की नजर बसते. मी बुडाले ती वेगळ्याच पाण्यात.

सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी मंडळीला आम्ही दीड लाख मंजूर केले. आख्यानाच्या, म्हणजे मुख्य पौराणिक कथेच्या, आधीचा आडदशावतार, त्यातली संकासूर वगैरे पात्रं, हल्ली उरकून टाकतात; तो जुन्या नटांनी पोरांना नीट शिकवायचा, असा अर्ज होता. आमच्या फॉर्मात ‘संहितेची प्रत जोडावी’ असा रकाना. दशावतारात नट संवाद उभ्या उभ्या रचतो, लेखी संहिता असणार कुठून? त्यांनी ‘लागू नाही’ लिहिलं आणि आमच्या ऑफिसने अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवला. मी तेव्हाच जागं व्हायला हवं होतं.

विश्वस्तांची बैठक, करार, बँकेचे कागद असं करत 75 हजारांचा पहिला हप्ता नोव्हेंबर संपताना गेला. तोवर जत्रा सुरू झाल्या होत्या. रोज नवं गाव, रात्रभर नाटक, दिवसा झोप, हे थेट मे महिन्यापर्यंत. यात शिकवणार कोण आणि कधी? त्यातच त्यांच्या टेम्पोचा गिअरबॉक्स गेला. पैसे टेम्पोला लागले. टेम्पो नाही तर सामानाचा पेटारा जत्रेत पोचत नाही. मीही तेच केलं असतं. पण करारात लिहिलेलं, 15 फेब्रुवारीपर्यंत हिशेब, मगच दुसरा हप्ता. आणि मी दर आठवड्याला फोन करून एकच वाक्य म्हणत होते, “बिलं पाठवा.”

बिलं आली. चौदा. पखवाजाची दुरुस्ती, मुलांचं जेवण, कपडेपट, सगळं अंदाजपत्रकाशी रुपयान् रुपया जुळणारं. दुकानांचे शिक्के तीन, पण बिलबुक एकच, नंबर 31 ते 44, एकाच निळ्या पेनाने लिहिलेली. ऑडिटरने चहा संपायच्या आत पकडलं.

मी तणतणत गेले. मंडळीचे मालक रागावले नाहीत. म्हणाले, “मॅडम, तुमका बिलां व्हयी होती, ती आमी दिली.”

आता हे नीट समजून घ्या, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न्यासाचं वर्ष 31 मार्चला संपतं. करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात, आणि नुसतं मंजूर केलेलं त्यात धरत नाहीत, प्रत्यक्ष दिलेलं धरतात. म्हणून जानेवारी लागला की अकाउंट्सवाले तुमच्या टेबलाशी घुटमळतात. तो दट्ट्या तुम्ही नकळत पुढे कलाकारावर ढकलता. तिकडे दशावतार काय, तमाशाचा फड काय, त्यांचा सगळा हंगाम नेमका मार्चला कवेत घेऊन बसलेला. मला कायद्याची भीती होती, आणि कायद्यात वाट होती: उरलेली रक्कम कारण लिहून, मुदतीत फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येते. अकाउंट्सला विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण मी ‘कलेची माणूस’ होते.

म्हणजे खोटी बिलं करायला मी शिकवलं. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

आता आमच्या करारात तारखा कलेच्या वर्षाप्रमाणे असतात. शिकवण्याचे पैसे श्रावणाआधी पोचले पाहिजेत. खर्च बदलला तर एका फोनवर कळवायचं, आम्ही ईमेलने होकार देतो. बिल न देणाऱ्या माणसाकडून हातची पावती चालते: नाव, काम, रक्कम, सही, 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. रोखीने एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर नको. आणि अंदाजपत्रकात कलाकाराचं स्वतःचं मानधन शून्य दिसलं तर अर्ज परत करा. ती रक्कम पुढे कुठल्यातरी बिलात लपून येतेच.

अर्ज लिहून देणारे सल्लागार असतात. माझं त्यांच्याशी जमत नाही. त्यांचे अर्ज वाचले की वारलीपासून लावणीपर्यंत सगळ्यांना एकच ताप आलाय असं वाटतं. कलाकाराने मोबाइलवर बोलून पाठवलेला अर्ज घ्या, टंकन ऑफिसात होईल. गुरूच हवा असेल तर तो नामवंतांच्या निवड समितीत शोधू नका. माझा गुरू आमचा निवृत्त कॅशियर. व्हाउचर कसं वाचायचं ते त्याने शिकवलं, तेही माझं नाक कापलं गेल्यावर.

पैसा कुठून येतो ते पहिल्या आठवड्यात विचारा. परदेशी देणगी असेल तर त्या देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याचा पैसा (सीएसआर) कशावर खर्चावा त्या यादीत, कला आणि वारसा आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका. सीएसआरचा पैसा सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फत जातो, आणि बहुतेक फडांकडे तसला एकही कागद नसतो. व्यक्तीला थेट अनुदान द्यायचं तर नियम कसे लिहावेत, हे बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं साहित्य वाचून कळतं. ती संस्था 1993 ची आहे, चाचपडून झालेलं आहे त्यांचं.

घाबरू नका. पहिल्या वर्षी चुका होतात, नोकरी जात नाही. माझी गेली नाही. मंडळीचा दुसरा हप्ता मात्र विश्वस्तांनी कायमचा थांबवला, आणि त्या बैठकीत मी गप्प बसले. नव्या नियमांनी फॉर्म केला तेव्हा पहिला त्यांनाच पाठवला. उत्तर आलं नाही. दर डिसेंबरला मी त्यांच्या एका जत्रेला जाते, मागे खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसते. संकासूर अजून वीस मिनिटांत आटपतो.