तंतुमेघ पाहून हवामानाचा अंदाज कसा घ्यावा

डिसेंबरात द्राक्षं मण्यांवर आली की निफाडकडचा बागायतदार सकाळी उठून आधी आभाळ बघतो. निळ्या आभाळात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू दिसले की त्याच्या पोटात गोळा येतो. ही धास्ती दर वेळी खरी ठरत नाही. तंतुमेघ बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. आपल्याकडे ते ६ ते १८ किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांतून निसटलेले स्फटिक जमिनीवर पोचण्याआधीच विरून जातात. म्हणजे हे ढग स्वतः पाऊस पाडत नाहीत. त्यांच्या मागून काय येतंय, ते मात्र ओळखता येतं.

आधी ढग नक्की कोणता ते ठरवा. सुटे केस, पिसं किंवा आकडे दिसले तर तंतुमेघ. आभाळभर दुधाळ पडदा पसरला तर तंतुस्तर मेघ. बारीक रवाळ दाणे दिसले तर तंतुराशी मेघ. दाण्यांबद्दल शंका असेल तर हात लांब करून करंगळी आभाळाकडे धरा. डोक्यावरच्या बाजूचा दाणा करंगळीआड लपला तर ढग उंचावरचा, लपला नाही तर बहुधा मधल्या थरातला. आणखी एक खूण म्हणजे, पातळ पडद्यातूनही जमिनीवर आपली सावली पडते. सावली पुसट होऊन नाहीशी झाली, तर ढग दाट होत खाली उतरतोय.

खळं मोजा. चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार, असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. षटकोनी स्फटिकांतून प्रकाश वळतो, म्हणून चंद्राभोवती सुमारे २२ अंशांवर कडं दिसतं. हात पूर्ण लांब करून पंजा ताणा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा. करंगळीचं टोक कड्याच्या आसपास आलं, तर वर बर्फाचा पडदा आहे हे नक्की. चंद्राला चिकटून दिसणारं लहान रंगीत वलय वेगळं. ते बहुधा पाण्याच्या थेंबांमुळे पडतं. सूर्याचं खळं बघताना सूर्य भिंतीआड किंवा खांबाआड ठेवाच, डोळ्यांशी खेळ नको.

दिशा टिपा. माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. विजेच्या खांबाखाली उभे राहा, ढगाचं एक टोक खांबाच्या टोकाशी जुळवा आणि पाच मिनिटं जागा सोडू नका. हिवाळ्यात हे ढग आपल्याकडे सहसा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. ऐन पावसाळ्यात, खालचे ढग फाटले की, वरचे तंतू पूर्वेकडून येताना दिसतात.

आता ऋतूशी ताळा घाला. तंतुमेघ दिसले की दिवसभरात पाऊस, हा ठोकताळा युरोपसारख्या समशीतोष्ण प्रदेशातला आहे. तिथे थंड हवेवर चढत येणाऱ्या उबदार हवेच्या आघाडीपुढे हे ढग धावतात. महाराष्ट्रात तो जसाच्या तसा लावू नका. डिसेंबर ते मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीबरोबर, तंतू येतात आणि बऱ्याचदा नुसतेच निघून जातात. रात्री पडदा राहिला, तर जमिनीची उष्णता अडते आणि थंडी कमी होते, एवढंच. पण त्याच वेळी अरबी समुद्रावरून ओलावा आत येऊ लागला, सकाळची हवा दमट झाली आणि खाली करडे ढग जमू लागले, तर अवकाळीची शक्यता खरी. तोडणीला आलेला माल असेल, तर इथेच सावध व्हावं.

एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी गोष्ट वेगळी असते. गडगडाटी ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा चपटा पसरतो आणि त्याचाच पांढरा पडदा आपल्या डोक्यावर येतो. पडद्याचं मूळ क्षितिजावर शोधा. तिथे काळा बुंधा दिसला आणि गडगडाट ऐकू आला, तर मोजमाप सोडून लगेच पक्क्या घरात जा. कोकण किनाऱ्यावर मे-जूनमध्ये समुद्राकडच्या एकाच बाजूने तंतूंचे पट्टे पंख्यासारखे पसरत आले, तर दूरवर चक्रीवादळ असू शकतं. अशा वेळी हवामान खात्याचा इशारा हाच प्रमाण माना.

नोंद ठेवा. दर ३ तासांनी वेळ, ढगाचा प्रकार, दिशा आणि आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकले, एवढं वहीत लिहा. मग हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाचं अवरक्त (उष्णता टिपणारं) चित्र उघडा. दाट तंतुमेघ अतिशय थंड असल्याने त्यात पांढरेशुभ्र दिसतात. आपल्या वहीतली दिशा चित्रातल्या पट्ट्याशी जुळते का, ते पाहा.