बाथरूमची व्हॅनिटी करताय? रंग शेवटी ठरवा, आधी बोर्ड बघा

सांगली-मिरजेत फ्लॅट नवा असो नाहीतर बंगला जुना, बेसिनखालचं कपाट म्हणजे व्हॅनिटी आता सगळ्यांनाच हवी असते, आणि दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच, सनमायका कुठला घ्यायचा. मला विचाराल तर तो शेवटचा प्रश्न. व्हॅनिटी खराब होते ती आतल्या बोर्डामुळं आणि उघड्या राहिलेल्या कडांमुळं.

एमडीएफ (लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि साधा कमर्शियल प्लाय बाथरूमला घेऊच नका, कितीही स्वस्त मिळू दे. एमडीएफ एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. प्लायच पाहिजे तर १८ एमएमचा मरीन घ्या, शीटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा मरीन प्लायचा स्टँडर्ड नंबर दोन्ही दिसलं पाहिजे, कारण त्या स्टँडर्डमध्ये तुकडा ७२ तास पाण्यात उकळून थर सुटतात का ते बघतात. दुकानदार नुसतं वॉटरप्रूफ आहे म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका, बिलावरही ७१० लिहून घ्या.

गावभागात किंवा नदीकडेच्या घरात तळमजल्याला, जिथं २०१९ ला कृष्णेचं पाणी शिरलं होतं, तिथं मी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) नाहीतर पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा बोर्डच सांगीन, कारण तो पाण्यात राहिला तरी फुगत नाही, वाळवी लागत नाही, धुऊन पुसून परत वापरता येतो. फक्त त्यात स्क्रू प्लायएवढा घट्ट बसत नाही, तर मिस्त्रीला आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू मारायला सांगा आणि दरवाजे लहान ठेवा.

आता कडा. दरवाज्याला चारी बाजूंनी एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, पाहिजे, खालच्या कडेलासुद्धा, ती दिसत नाही म्हणून बरेच जण सोडून देतात. आणि पाइपसाठी मागच्या फळीला भोक पाडतात ना, तिथं हात घालून बघा, कापलेला प्लाय कोरडा खरखरीत लागतो, सडायला सुरुवात तिथूनच होते. त्या कडेला सिलिकॉन भरून घ्या, मिस्त्री समोर असतानाच.

वरती ग्रॅनाइट सगळ्यात बरा. त्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथंच तुटून खाली पडतं, दरवाज्यावर येत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर काळा चकचकीत ग्रॅनाइट नको, पांढरे डाग लगेच उठून दिसतात, करडा ठिपक्यांचा घ्या. मार्बल टाळा, लिंबू किंवा ॲसिड पडलं की त्याची चमक गेलीच.

फिनिशला १ एमएमचा मॅट सनमायका पुरेसा आहे. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, दिसायला फार सुंदर, पण टवका उडाला की जागेवर दुरुस्ती अवघड.

बिजागऱ्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, आणि टॉयलेटचं ॲसिड व्हॅनिटीत ठेवू नका, बंद कपाटात त्याच्या वाफेनं चांगलं स्टीलसुद्धा गंजतं. बेसिन मात्र मिस्त्री बोलवायच्या आधी घरात आणून ठेवा, ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवायचं टेबलटॉप बेसिन पाच-सहा इंच उंच असतं आणि तेवढा ओटा खाली घ्यावा लागतो.