सीटीवर लिव्हरची आर्टरी कशी शोधायची
लिव्हरचा सीटी बघताना आधी आर्टेरियल फेज (आर्टरी उजळलेल्या असतानाचा स्कॅन) उघडा, म्हणजे कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळवणारं इंजेक्शन) दिल्यावर साधारण 35 सेकंदांचा, कारण 70 सेकंदांच्या फेजमध्ये पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणारी व्हेन) इतकी उजळते की शेजारची बारीक आर्टरी त्यात हरवूनच जाते. मग अ‍ॅओर्टा (शरीराची मुख्य आर्टरी) धरून वरून खाली स्क्रोल करत या, पोटात पुढच्या बाजूने निघणारी पहिली मोठी फांदी सीलिअ‍ॅक, तिच्यातून पेशंटच्या उजवीकडे वळते ती कॉमन हिपॅटिक, म्हणजे लिव्हरकडे जाणारी आर्टरी. पण इथेच थांबू नका प्लीज! खाली एसएमए (सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी, आतड्यांना रक्त देणारी) पण बघा, काही जणांत उजवी हिपॅटिक तिथून निघून पोर्टल व्हेनच्या मागून वर जाते, आणि डावी कधीकधी लेफ्ट गॅस्ट्रिकमधून (जठराच्या आर्टरीतून) येते. असं काही दिसलं तर रिपोर्टमध्ये लिहाच, व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) करताना सर्जनला ठाऊक नसेल तर ती आर्टरी चुकून कापली जाऊ शकते.