अटारीचं 'स्टार वॉर्स' (१९८३) खेळताना या चुका टाळा

अटारी कंपनीनं १९८३ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, काढलेला 'स्टार वॉर्स' आता बहुतेक जण मेम या एम्युलेटरवरच (जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळतात, आणि त्यातले निम्मे पहिल्याच संध्याकाळी "जुना गेम आहे, नीट चालत नाही" म्हणून बंद करतात. गेम उत्तम चालतो. गडबड असते ती सेटिंगमध्ये आणि खेळणाऱ्याच्या उतावळेपणात. मला येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

स्कॅनलाइन फिल्टर लावणं

रेट्रो म्हटलं की स्क्रीनवर आडव्या काळ्या रेषा हव्यातच, असं कुणी या मंडळींच्या डोक्यात भरवलंय देव जाणे. अहो, या मशीनच्या पडद्यावर त्या रेषा नव्हत्याच! तो कलर व्हेक्टर मॉनिटर होता. साध्या टीव्हीत किरण वरून खाली, ओळीमागून ओळ, सगळा पडदा झाडत जातो. स्कॅनलाइन येतात त्या तिथून. व्हेक्टर मॉनिटरमध्ये किरण रांगोळीची रेघ ओढावी तसा या बिंदूपासून थेट त्या बिंदूपर्यंत जातो आणि बाकीचा पडदा काळाकुट्ट राहतो. टाय फायटर (शत्रूची विमानं), टॉवर, ट्रेंच (शेवटचा लांबलचक खंदक), सगळं नुसत्या उजळ रेघांचं.

डोंबिवलीच्या एका मित्रानं सुताराकडून खास कॅबिनेट बनवून घेतलं, आत जुना एलसीडी बसवला आणि मला फोन केला, "गेममध्ये बग आहे. टॉवरच्या टोकांवर नेम धरायचा ना? ती टोकंच मधूनमधून गायब होतात." तोवर पठ्ठ्यानं रॉम, म्हणजे गेमची फाइल, बदलून पाहिली होती, केबल बदलली होती, ग्राफिक्स कार्डालाही शिव्या घालून झाल्या होत्या. मी जाऊन पाहतो तर पडद्यावर ही जाड जाड स्कॅनलाइन. टॉवरची पांढरी टोकं लांबून बारीकशी दिसतात, त्यातल्या आडव्या रेघा फिल्टरच्या काळ्या पट्टीखाली आल्या की संपलं. फिल्टर बंद केला, टोकं हजर. त्यावर साहेब काय म्हणाले असतील? "पण आता रेट्रो वाटत नाही रे." मी चहा न घेताच निघालो.

माझी पद्धत साधी आहे. सगळे फिल्टर बंद. मेममध्ये टॅब दाबून स्लायडर कंट्रोल्समध्ये जायचं आणि बीम विड्थ (रेघेची जाडी) किंचित वाढवायची, म्हणजे आजच्या मोठ्या स्क्रीनवर रेघा दोऱ्यासारख्या बारीक दिसत नाहीत. चित्र ४:३ मध्येच ठेवायचं. आणि खोलीतला दिवा मालवायचा. त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच फिल्टरनं पडत नाही.

कीबोर्डवर खेळणं

नका खेळू. मूळ मशीनला विमानासारखं हँडल होतं, जेवढं वळवाल तेवढीच नेमाची निशाणी सरकायची. बाणांच्या कळांवर ती सूक्ष्मता येणं शक्य नाही. मेममध्ये माउस चालू करा, अ‍ॅनालॉग कंट्रोल्समध्ये सेन्सिटिव्हिटी बसवून घ्या. वर-खाली उलटं होत असेल तर तिथेच रिव्हर्सचा पर्याय आहे, त्यासाठी माणसांना रात्री मेसेज करायची गरज नाही.

फायरबॉल सोडून विमानांच्या मागे लागणं

टाय फायटर पाडलं की १,००० गुण, शत्रूनं तुमच्यावर सोडलेला फायरबॉल फोडला की फक्त ३३. नवखा माणूस हे वाचतो आणि फायरबॉलकडे ढुंकून बघत नाही. तुमची शील्ड, म्हणजे विमानाचं कवच, खातात ते फायरबॉल, आणि शील्ड मुळात सहाच असतात. एक डेथ स्टार, म्हणजे शत्रूचं अंतराळातलं ठाणं, उडवला की एक परत मिळते, बस. आधी अंगावर येणारे फायरबॉल फोडा, मग उरलेल्या वेळात विमानं. सगळी टाय फायटर पाडल्याशिवाय पुढे सोडणार नाहीत, असं इथे काही नाही.

खलनायक डार्थ व्हेडरचं विमान तर नष्ट होतच नाही. गोळी लागली की गरगरतं, २,००० गुण देतं आणि परत येतं. समोर सापडलं तर मारा, पाठलाग कशाला?

थेट अवघड पातळीपासून सुरुवात

सुरुवातीला तीन डेथ स्टार दिसतात, त्यातल्या एकावर गोळी झाडून पातळी निवडायची. सोपी पहिल्या वेव्हपासून (वेव्ह म्हणजे एक डेथ स्टार उडवेपर्यंतची फेरी), मधली तिसरीपासून, अवघड पाचवीपासून. पाचवीपासून सुरू केलं आणि ती वेव्ह पार केली तर ८,००,००० गुणांचा बोनस. पार केली तर! लोक तो आकडा बघतात आणि टॉवरच्या जंगलात जाऊन आपटतात. पहिल्या वेव्हमध्ये टॉवर मुळीच नसतात, अंतराळातून थेट ट्रेंच. दुसरीत जमिनीवरचे बंकर, टॉवर तिसरीपासून. बनवणाऱ्यांनी एवढी पायरीपायरीनं चढण करून ठेवली आहे ती वापरा. सगळे टॉवर टिपल्याचे ५०,००० मिळतात, पण ते हात बसल्यावर.

ट्रेंचमध्ये गोळ्यांचा पाऊस

या चुकीवर मी तासभर बोलू शकतो.

गेम ज्या सिनेमावरून घेतला, त्याच्या शेवटी नायक ल्यूक नेम धरायचा कॉम्प्युटर बंद करतो आणि 'फोर्स' या गूढ शक्तीवर भरवसा ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अटारीच्या माणसांनी तेच गेममध्ये घातलं. ट्रेंचमध्ये शिरल्यापासून एक्झॉस्ट पोर्ट (ज्यात गोळी मारून डेथ स्टार उडवायचा ते भोक) येईपर्यंत एकही गोळी झाडायची नाही. मग पोर्ट उडवलंत तर फोर्सचा वेगळा बोनस. पहिल्या वेव्हला ५,०००, मग १०,०००, २५,०००, ५०,००० आणि पाचवीपासून १,००,०००. उलट ट्रेंचच्या भिंतीवरची एक तोफ उडवली की मिळतात १००. पहिल्या वेव्हचा बोनस भरून काढायचा तर पन्नास तोफा टिपाव्या लागतील, आणि तेवढ्यात ट्रेंच संपून जातं.

माझा मामेभाऊ दिवाळीत आला की हा गेम लावतो. हात उत्तम आहे त्याचा, नजर माझ्यापेक्षा तेज. पण ट्रेंचमध्ये शिरला की बोट थांबायचं नाव नाही, टकटक टकटक. त्याचं ठराविक ठिकाणी मरण यायचं, आडव्या पुलांशी. "दादा, हे पूल अन्याय आहे." मी म्हटलं, "पुलाला बोल लावू नकोस, तुझी निशाणी कुठे असते ते बघ." ट्रेंचमध्ये हँडल वळवलं की निशाणीबरोबर विमानही सरकतं. हा डाव्या भिंतीवरच्या तोफेवर नेम धरायचा, विमान डावीकडे खाली जायचं, आणि तेवढ्यात समोर पूल. पुढच्या डावात मी त्याला माउसचं बटण दाबायचीच बंदी केली, पोर्ट दिसेपर्यंत. फार कुरकुर केली. पण नेम धरायचा नाही म्हटल्यावर विमान चालवण्याखेरीज काम उरलं नाही, आणि पुलांच्या वरून-खालून सरळ निघून गेला. वर बोनस मिळाला तो वेगळाच.

पोर्टपाशी मात्र झोपू नका. ते तळाशी मध्यभागी येतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात निशाणी तिथेच धरून ठेवायची. चुकलं तर एक शील्ड जाते आणि ट्रेंच पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेव्हमध्ये फायरबॉल दाट व्हायला लागले आणि शील्ड एक-दोनच उरल्या असतील, तर मीसुद्धा बोनस सोडून गोळ्या झाडतो. पहिल्या तीन-चार वेव्हमध्ये मात्र नाही म्हणजे नाही.

सेव्ह स्टेट

दर वेव्हला एम्युलेटरमध्ये गेम आहे तिथे सेव्ह करून, हरलं की तिथूनच पुढे जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. १९८४ साली एका अमेरिकन खेळाडूनं हाच गेम एकाच डावात ४९ तास खेळून ३० कोटींच्या वर गुण केले होते. दर डेथ स्टारमागे परत मिळणारी ती एकेक शील्ड सांभाळत गेल्याशिवाय असा डाव चालत नाही. सेव्ह स्टेटवाल्याला शील्ड सांभाळायचं कारणच उरत नाही. मग पाचव्या वेव्हला एका शील्डवर पोचतो, तिथेच सेव्ह करतो आणि गेम अशक्य आहे म्हणून ओरडतो.

खऱ्या मशीनवाल्यांसाठी

परदेशात राहणाऱ्या कुणाला खरं मशीन मिळालं तर दोनच गोष्टी. निशाणी थरथरत असेल तर हँडलमधले पोटेन्शिओमीटर (हँडल किती वळलं ते मोजणारे भाग) झिजलेले असतात. स्प्रे मारून चार दिवस ढकलण्यापेक्षा बदलून टाका, आणि आतली गिअर चाकंही त्याच वेळी तपासा. पडदा काळा पडला तर मात्र मागचं झाकण उघडून स्क्रू ड्रायव्हर घालू नका. त्या मॉनिटरचा हाय व्होल्टेज भाग बिघडण्यासाठी बदनाम आहे, आणि मशीन बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज शिल्लक राहतो. ते काम येणाऱ्या माणसालाच बोलवा, आणि तो येईपर्यंत प्लग काढून ठेवा.