बोट किंवा ट्रेलर ओढायला एसयूव्ही घेताय? या चुका टाळा

पुण्याहून ट्रेलर मागे लावून समुद्राकडे निघालात की घाट चुकत नाही. मुळशीमार्गे ताम्हिणी, भोरमार्गे वरंधा, नाहीतर खंडाळ्याचा बोरघाट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. गाडी, माणसं, ट्रेलर आणि बोट मिळून 3 टन वजन धरलं, तर एवढं खाली उतरताना साधारण साडेचार युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली इंजिनाने रोखली नाही, तर तिने ब्रेक तापतात. आणि शोरूममध्ये लोक विचारतात काय, तर "पिकअप कसा आहे?" ट्रेलरसाठी गाडी घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या प्रश्नापासून सुरू होतात.

वजन न करता गाडी ठरवणं

"बोट 450 किलोची आहे" असं विकणारा सांगतो, ते बहुधा रिकाम्या बोटीचं वजन असतं. त्यावर 40 हॉर्सपॉवरचं मागे लावायचं इंजिन म्हणजे जवळपास 100 किलो. 60 लिटर पेट्रोल म्हणजे 45 किलो. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, खाण्यापिण्याची पेटी यांचे 60 किलो धरा, आणि खुद्द ट्रेलरचे 250. बेरीज 900 च्या वर गेली, म्हणजे सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी सगळं सामान भरलेला ट्रेलर कुणाच्या तरी गाडीने ट्रकच्या वजनकाट्यावर न्या आणि पावती खिशात ठेवा. चाकणला किंवा वाघोलीकडे असे काटे सहज सापडतात.

दुसरा हिशेब गाडीच्या आतला. सात सीट आहेत म्हणून सात जण बसले, की सरासरी 65 किलोने 455 किलो तिथेच संपले. ट्रेलरची दांडी गाडीच्या बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर) जो भार टाकते, तोही गाडीच्याच वाहून न्यायच्या वजनात धरावा लागतो. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे मागच्या अॅक्सलवर तो भार वाढून येतो आणि पुढची चाकं तितकीच हलकी होतात. सगळं कुटुंब आणि बोट एकाच फेरीत न्यायची असेल, तर गाडीचं कमाल एकूण वजन आणि रिकामं वजन यांतला फरक आधी पुस्तिकेत बघा.

इंजिनाची ताकद बघणं, गाडीचा सांगाडा न बघणं

याला माझ्याकडे एक फार बोलकं उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढणं रोजचं आहे, त्यामुळे तिथे कंपन्या ओढण्याची क्षमता आकड्यात जाहीर करतात. महिंद्राच्या दोन गाड्या बघा. तिथली पेट्रोल एक्सयूव्ही 700 आहे 149 किलोवॅटची आणि डिझेल स्कॉर्पिओ एन 129 किलोवॅटची. ताकद एक्सयूव्हीची जास्त. पण ब्रेक असलेला ट्रेलर ओढायची मर्यादा एक्सयूव्हीला 1500 किलो आणि स्कॉर्पिओला 2500 किलो. स्कॉर्पिओ लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या पोलादी सांगाड्यावर उभी आहे. एक्सयूव्ही मोनोकॉक आहे, म्हणजे तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. हे आकडे तिथल्या मॉडेलचे आहेत, आपल्याकडे ते जसेच्या तसे लावू नका. इथल्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही लिहिलेलं नसेल किंवा स्पष्ट मनाई असेल, तर ती गाडी यादीतून काढा. सेल्समनच्या "सर, आरामात ओढेल" ला काहीही अर्थ नाही. त्याच्याकडून तेच वाक्य कंपनीच्या ईमेलवर लेखी मागा.

नावावरही जाऊ नका. जुनी सफारी लॅडर फ्रेमवरची होती. 2021 साली आलेली सफारी मोनोकॉक आहे आणि तिची पुढची चाकं गाडी ओढतात. इनोव्हा क्रिस्टा लॅडर फ्रेमची, मागच्या चाकांवर चालणारी. हायक्रॉस मोनोकॉक, पुढच्या चाकांवर चालणारी. नवी सफारी किंवा हायक्रॉससारख्या गाड्या प्रवासाला उत्तम असतील, पण बॉलचा भार मागे पडला की ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तोच भार पकड वाढवतो.

कायाक किंवा हलका जेट स्की एवढंच न्यायचं असेल, तर मोनोकॉक क्रॉसओव्हरला नाकं मुरडायचं कारण नाही. पुस्तिकेची परवानगी आणि वजनकाट्याची पावती जुळली की झालं.

ट्रेलरच्या ब्रेकचा विचारच न करणं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. क्षमतेचे आकडे दोन असतात: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक आणि नसतील तर दुसरा. दुसरा फारच कमी असतो. वरच्या दोन्ही महिंद्रा गाड्यांना तो 750 किलोच आहे. ऑस्ट्रेलियातल्या जिम्नीला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी 1300 किलो आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी फक्त 350. आपल्याकडे फॅब्रिकेटर बनवून देतात त्या छोट्या ट्रेलरना बऱ्याचदा ब्रेक नसतातच. आपला बोटीसकट 900 किलोचा ट्रेलर असा बिनब्रेकचा असला, की कागदावरची मोठी क्षमता निरुपयोगी ठरते. गाडी थांबायला बघते तेव्हा दांडी दाबली जाऊन आपोआप लागणारे ब्रेक ट्रेलरला मिळतात. गाडीच्या बजेटमधून काही हजार कमी करा, पण ते बसवून घ्या.

गिअरबॉक्स आणि पाण्याकाठचा उतार

पानशेत, वरसगावच्या काठावर उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि गाळाचा लांब पट्टा उघडा पडतो. तिथून भिजलेली बोट वर खेचणं ही गाडीची खरी परीक्षा. (जलाशय पाटबंधारे खात्याचे आहेत, बोट उतरवायची परवानगी आधी घ्या.) अशा ठिकाणी इंचाइंचाने वर यायचं असतं. एएमटी (क्लच आपोआप दाबणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) किंवा ड्राय क्लचच्या डीसीटीमध्ये (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) तेवढा वेळ क्लच घासत राहतो आणि तापतो. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक हे काम सहज सोसतो. मॅन्युअल हवी असेल तर लो रेंज (जादा जोराचे, संथ गिअर) असलेली फोर बाय फोर बघा: थार, स्कॉर्पिओ एनची फोर बाय फोर, फॉर्च्युनर फोर बाय फोर, आकुर्डीच्या फोर्सची गुरखा. लो रेंजमध्ये क्लच न घासता गाडी चालण्याच्या वेगाने चढते. जिम्नीलाही लो रेंज आहे, पण ती हलकी आहे, तिच्यामागे तिच्याहून जड काही लावू नका.

इलेक्ट्रिक घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: घाटमाथ्यावरच 100 टक्के चार्ज करून उतरायला लागलात, तर घाटात रीजनने (उतारावर मोटरनेच वेग रोखून) परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे थोडं कमी चार्ज करून निघा.

हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) कुठेही बसवून घेणं

बंपरला वेल्डिंग करून लावलेला बॉल दिसायला भक्कम दिसतो, पण बंपर ओढण्यासाठी बनवलेलाच नसतो. बंद पडलेली गाडी खेचायला दिलेला हूकही ट्रेलरसाठी नाही. हिच चॅसिसला बोल्टने बसणारा हवा आणि बॉलचा आकार ट्रेलरच्या कपलरशी (दांडीच्या टोकाच्या वाटीशी) जुळायला हवा. 50 मिलिमीटरचा बॉल आणि 1 7/8 किंवा 2 इंचांचे बॉल बघून सारखेच वाटतात, म्हणून बॉलवर छापलेला आकडा वाचा. सुरक्षा साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरप्या घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम 52 ची बंधनं आहेत. म्हणून हिच बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून ट्रेलरचा उल्लेख पॉलिसीत करून घ्या.

गाडी घेतली आणि त्रास सुरू झाला तर

ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला, तर बहुतेक वेळा भार मागे गेलेला असतो. बैलगाडी उलाळ होते तसंच हे. बोट ट्रेलरवर थोडी पुढे घ्या, जड सामान चाकांच्या किंचित पुढे आणा. एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार बॉलवर यावा, पण गाडीच्या पुस्तिकेतली बॉलची मर्यादा ओलांडू नका. चालत्या गाडीत झुलणं सुरू झालं, तर अॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका.

मागचा भाग बसतोय आणि समोरच्याच्या डोळ्यांवर हेडलाइट जातोय, म्हणजे बॉलवर भार जास्त आहे किंवा डिकी फार भरली आहे. जाड स्प्रिंग टाकल्याने गाडी उचललेली दिसेल. तिची वजनाची मर्यादा वाढत नाही.

घाटात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं किंवा जळका वास आला, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक थंड होऊ द्या. गरम डिस्कवर पाणी ओतू नका. पुढच्या वेळी उताराच्या तोंडाशीच खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोडवर तोच गिअर धरून ठेवा. दर प्रवासात हे होत असेल, तर ट्रेलर गाडीला जड आहे, पॅड बदलून भागणार नाही.

ट्रेलरचे दिवे मंद लागतात किंवा इंडिकेटर दिला की सगळेच लुकलुकतात, तेव्हा आधी अर्थची वायर बघा. प्लगमधली गंजलेली पिन घासून, ट्रेलरच्या सांगाड्याला अर्थ पक्का बोल्ट केला की बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं. बोट पाण्यात सोडण्याआधी प्लग काढून ठेवलात, तर पिना गंजणारही नाहीत.