पोळ्या करताना पिल्लूलाही लाटायचंय?

दोन-अडीच वर्षांचं मूल, ओट्यावर गरम तवा आणि पायाशी "मी पण, मी पण!" हाकललं तर रडारड, आणि कडेवर घेऊन पोळ्या लाटणं धोक्याचं. आमच्याकडे यावर ही युक्ती चालली:

१. कणीक मळून झाली की लिंबाएवढा गोळा बाजूला काढा. त्यात चमचाभर पीठ जास्त घालून पुरीच्या कणकेसारखा घट्ट करा. हे महत्त्वाचं, कारण मऊ कणीक मुलांच्या बोटांना चिकटते आणि मग ती वैतागतात.

२. गॅसपासून लांब, पण तुम्ही दिसाल अशा जागी जुनी चादर अंथरा. त्यावर स्टीलचं ताट पालथं घाला, हाच त्याचा पोळपाट. लाटण्याऐवजी छोटी वाटी दिली तरी चालते. थापायला मुलांना जास्त आवडतं.

३. पिठी वाटीत दोनच चमचे द्या. डबा हाताशी ठेवलात तर पीठ घरभर होईल.

४. आधी हात धुतलेले असतील तर त्याची वेडीवाकडी पोळी सगळ्यात शेवटी तव्यावर टाका. जाड जागा नीट भाजू द्या. एरवी जेवायला कुरकुरणारं पोरही स्वतःची पोळी तुपासोबत मिटक्या मारत खातं.

आवरायला फार तर पाच मिनिटं लागतात, चादर बाल्कनीत झटकली की झालं.

एक मात्र सांभाळा: कच्ची कणीक तोंडात जाऊ देऊ नका, कच्च्या पिठातल्या जंतूंनी पोट बिघडू शकतं. चघळायला हवंच असेल तर आधीच भाजलेल्या पोळीचा तुकडा हातात द्या.